बालचेहऱ्यावरील भाव आणि ऐतिहासिक साक्ष : लुईस हाइन यांच्या कृष्णधवल व्यक्तिचित्रांचा अभ्यास

सारांश :
लहान मुलांच्या कृष्णधवल व्यक्तिचित्रांतील भाव हा छायाचित्रकाराने अचूक क्षणी ‘टिपलेला’ असतो, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हा समज तपासून घ्यावा लागतो. मुलाच्या चेहऱ्यावर कोणता भाव उमटेल आणि त्यांपैकी कोणता पट्टीवर उरेल, हे तंत्रज्ञान, छायाचित्रकाराचा हेतू आणि चित्रासोबत जोडलेला मजकूर या तीन गोष्टींवर अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइन (१८७४–१९४०) यांनी १९०८ पासून सुमारे दहा वर्षे काढलेल्या बालकामगारांच्या छायाचित्रांचा या दृष्टीने विचार केला आहे. हाइन यांनी मुलांकडून भाव वठवून घेण्याऐवजी त्यांच्या संयत चेहऱ्याला वय, उंची व काम यांच्या नोंदींची जोड दिली आणि त्यामुळे भावनेला साक्षीचे स्वरूप आले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : कृष्णधवल छायाचित्रण, बालव्यक्तिचित्र, भावाभिव्यक्ती, बालमजुरी, लुईस हाइन, ऐतिहासिक साधने.

१. प्रस्तावना
इतिहासलेखनाच्या साधनांत लिखित कागदपत्रांना अग्रस्थान दिले जाते. मात्र लहान मुले स्वतःची कागदपत्रे मागे ठेवीत नाहीत. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते पालक, शिक्षक, मालक किंवा शासन लिहिते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात छायाचित्रणाचा शोध लागल्यानंतर मुलांची छायाचित्रे हे बालपणाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन ठरले. छायाचित्रात मूल स्वतः समोर असते, त्याचा चेहरा दिसतो आणि त्या चेहऱ्यावरील भावही दिसतो.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. कागदपत्राची चिकित्सा करताना ते कोणी, केव्हा व कशासाठी लिहिले असे प्रश्न अभ्यासक विचारतो. छायाचित्रातील मुलाचे डोळे पाहिले की तेच प्रश्न बाजूला पडतात. भाव थेट मनाला भिडतो आणि चिकित्सा मागे राहते. बालचेहऱ्यावरील भावाला पुरावा मानायचे काय आणि मानायचे झाल्यास कोणत्या अटींवर, हा या निबंधाचा मूळ प्रश्न आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे
१) आरंभीच्या छायाचित्रण तंत्राचा मुलांच्या भावाभिव्यक्तीवर झालेला परिणाम पाहणे.
२) लुईस हाइन यांच्या कार्यपद्धतीचा व निवडक छायाचित्रांचा अभ्यास करणे.
३) भावदर्शी छायाचित्राच्या ऐतिहासिक साक्षीचे सामर्थ्य व मर्यादा स्पष्ट करणे.

३. गृहीतक व संशोधन पद्धती
‘बालव्यक्तिचित्रातील भाव हा सोबतच्या नोंदीशिवाय अपुरा पुरावा ठरतो’ हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेल्या राष्ट्रीय बालकामगार समितीच्या संग्रहातील निवडक छायाचित्रे व त्यांच्या मूळ नोंदी यांचा मुख्य आधार घेतला आहे. तुलनेसाठी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, ऑस्कर रेजलँडर व जेकब रीस यांच्या कामाचा विचार केला आहे.

४. पार्श्वभूमी : स्थिर बसविलेले मूल
१८३९ मध्ये दागेरोटाइप पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्रासाठी पट्टीला काही मिनिटे प्रकाश द्यावा लागे. पुढील काही वर्षांत हा कालावधी कमी झाला, तरी जिवंत माणसाने न हलता बसावे ही अट कायम राहिली. प्रौढ व्यक्तींच्या मानेमागे लोखंडी आधार लावला जाई. तान्ह्या मुलांसाठी वेगळा उपाय होता. आई स्वतः कापडाखाली लपून, जणू खुर्चीच होऊन मुलाला धरून बसे. अशा चित्रांत मुलाच्या मागे दिसणारा झाकलेला मानवी आकार आजच्या पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटतो. त्या काळी मात्र ती स्टुडिओतील नित्याची सोय होती.

या अटीचा परिणाम भावावर झाला. हसू काही सेकंदांत मावळते, रडणारे मूल हलते. म्हणजे मुलाच्या ज्या भावना सर्वांत उत्कट, त्याच पट्टीवर टिकत नसत. त्या काळातील छायाचित्रांतील मुले गंभीर दिसतात याचे एक कारण हे तांत्रिक आहे. त्यावरून त्या काळचे बालपणच खिन्न होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

याचे बोलके उदाहरण ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आठवणींत सापडते. १८१५ मध्ये कोलकाता येथे जन्मलेल्या कॅमेरॉन यांना वयाच्या ४८ व्या वर्षी, १८६३ च्या डिसेंबरात, मुलगी व जावयाकडून कॅमेरा भेट मिळाला. आरंभी त्यांनी दोन मुलांचे एकत्र चित्र घेण्याचा प्रयत्न केला, पण त्यांपैकी एकाला हसू फुटले आणि पट्टी वाया गेली. मग त्यांनी एकाच मुलीला बसविले. तू हललीस तर बिचाऱ्या मिसेस कॅमेरॉनची रसायने व मेहनत फुकट जाईल, अशी तिची विनवणी केली. मुलगी स्थिर राहिली. जानेवारी १८६४ मधील ते ‘अ‍ॅनी’चे व्यक्तिचित्र कॅमेरॉन यांनी आपले पहिले यश मानले.

या प्रसंगातील विरोधाभास लक्षणीय आहे. मुलीच्या भावनेला आवाहन करून तिच्या चेहऱ्यावरील भावाची हालचाल थांबविण्यात आली. चित्रातील ‘अ‍ॅनी’ किंचित बाजूला पाहते आहे. तिच्या मुद्रेतील गांभीर्य खरे आहे, पण त्यात छायाचित्रकाराच्या विनंतीचाही वाटा आहे. पुढे कॅमेरॉन यांनी नात्यातील मुलांना पंख लावून देवदूत म्हणून उभे केले. १८७२ मधील ‘आय वेट’ या चित्रातील पंखधारी मुलगी हातांवर हनुवटी टेकून स्पष्टपणे कंटाळलेली दिसते. शीर्षकाने तिला स्वर्गीय प्रतीक्षेचा अर्थ दिला. चेहरा मात्र चित्र संपण्याची वाट पाहणाऱ्या मुलीचा राहिला.

५. भाव : शास्त्रीय पुरावा म्हणून
चार्ल्स डार्विन यांना मुलांच्या भावनांत वेगळ्या कारणाने रस होता. १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या हावभावांची त्यांनी जन्मापासून टिपणे ठेवली होती. १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स इन मॅन अँड अ‍ॅनिमल्स’ या ग्रंथात रडणाऱ्या मुलांच्या छायाचित्रांना पहिल्याच पटलात स्थान मिळाले. छायाचित्रांनी सजलेल्या आरंभीच्या शास्त्रीय ग्रंथांत त्याची गणना होते. यांतील काही चित्रे मूळच्या स्वीडनच्या ऑस्कर रेजलँडर यांनी काढली होती.

त्यांपैकी जोराने रडणाऱ्या एका बालकाचे चित्र विलक्षण लोकप्रिय झाले आणि त्या काळच्या एका उपरोधिक कादंबरीवरून त्याला ‘जिंक्सेस बेबी’ हे नाव पडले. मात्र पटलावर छापलेली प्रतिमा थेट छायाचित्र नव्हती. मूळ छायाचित्रावरून रेजलँडर यांनी मोठे रेखाचित्र तयार केले आणि त्याचे पुन्हा छायाचित्र घेतले, हे छायाचित्र-इतिहासकार फिलिप प्रॉजर यांनी दाखवून दिले आहे. वाचकासमोर ती प्रतिमा छायाचित्र म्हणूनच आली.

रेजलँडर यांनी खोटा भाव दाखविला, असे यावरून म्हणता येणार नाही. मूल खरोखरच रडत होते. तथापि पुरावा म्हणून छायाचित्राची जी विश्वासार्हता गृहीत धरली जाते, ती या चित्राला पूर्णपणे लागू होत नाही. भाव खरा आणि प्रतिमा घडविलेली, अशी ही स्थिती आहे. कॅमेरॉन यांचा हेतू कलात्मक, तर डार्विन यांचा शास्त्रीय होता. दोन्ही ठिकाणी प्रौढांना अभिप्रेत असलेला अर्थ मुलाच्या चेहऱ्याने वाहून नेला.

६. लुईस हाइन : पूर्वपीठिका व कार्यपद्धती
लुईस हाइन यांचा जन्म १८७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. ते न्यूयॉर्क येथील एथिकल कल्चर स्कूलमध्ये शिक्षक होते. शाळेच्या कामासाठी त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि १९०४ पासून एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांची छायाचित्रे काढली. त्याच वर्षी राष्ट्रीय बालकामगार समितीची स्थापना झाली. १९०० च्या अमेरिकन जनगणनेनुसार १० ते १५ वयोगटातील साडेसतरा लाखांहून अधिक मुले कामावर होती. १९०८ मध्ये हाइन यांनी शिक्षकाची नोकरी सोडून समितीसाठी पूर्ण वेळ छायाचित्रण सुरू केले. आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील समितीच्या संग्रहात ५,००० हून अधिक छायाचित्रे आहेत.

तोपर्यंत तंत्र बदलले होते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी मांडलेल्या जिलेटिनच्या कोरड्या पट्टीत पुढे सुधारणा झाल्या आणि प्रकाश देण्याचा काळ सेकंदाच्या अंशावर आला. १८८७ पासून मॅग्नेशियमयुक्त चमकपूड उपलब्ध झाली व अंधाऱ्या जागीही चित्र घेता येऊ लागले. जेकब रीस यांनी न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांचे चित्रण तिच्या साहाय्याने केले. परंतु रस्त्यावर झोपणाऱ्या मुलांची रीस यांची प्रसिद्ध चित्रे मुलांना झोपेचे सोंग घ्यायला लावून काढली असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे तांत्रिक अडथळा दूर झाल्यावरही मुलाकडून अपेक्षित भाव वठवून घेण्याची सवय सुटली नव्हती.

हाइन यांचे वेगळेपण या ठिकाणी दिसते. गिरणी व कारखान्यांचे मालक त्यांना सहजासहजी आत येऊ देत नसत. त्यामुळे कधी बायबल विक्रेता, कधी चित्रपत्रे विकणारा, तर कधी यंत्रांची छायाचित्रे काढणारा अशा वेगवेगळ्या बतावण्या करून ते प्रवेश मिळवीत. जाकिटाच्या प्रत्येक बटणाची जमिनीपासूनची उंची त्यांना ठाऊक असे. मूल शेजारी उभे राहिले की बटणांवरून त्याची उंची कळे. खिशातल्या हाताने ते कागदावर नाव, वय, काम व कामाचे तास टिपून घेत. १९०९ मधील एका भाषणात, छायाचित्र खोटे बोलत नसले तरी खोटे बोलणारा माणूस छायाचित्र काढू शकतो, अशा आशयाचा इशारा त्यांनी दिला होता. आपल्या चित्रांवर अविश्वास दाखविला जाणार, याची त्यांना जाणीव होती. नोंदींचा आग्रह त्यातून आलेला दिसतो.

७. निवडक छायाचित्रांचे विश्लेषण
७.१ सेडी फायफर, लँकेस्टर, दक्षिण कॅरोलायना, १९०८ : सूतगिरणीतील साच्यांची लांबच लांब रांग चित्राच्या खोलीत जाते. त्या रांगेपाशी एक लहान मुलगी उभी आहे. तिची दृष्टी कामाकडे आहे, कॅमेऱ्याकडे नाही. चेहऱ्यावर वेदना नाही, आहे ती कामातील एकाग्रता. हाइन यांच्या नोंदीनुसार तिची उंची ४८ इंच असून ती सहा महिन्यांपासून कामावर होती. ही नोंद वाचताच चित्राचा अर्थ बदलतो. एरवी कौतुकास्पद वाटणारी एकाग्रता ४८ इंच उंचीच्या देहात दिसली की अस्वस्थ करते.

७.२ अ‍ॅडी कार्ड, नॉर्थ पाउनल, व्हरमाँट, १९१० : अनवाणी पायांची, मळकट झग्यातील मुलगी साच्यावर हात टेकवून उभी आहे आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहते आहे. हाइन यांनी तिचे वर्णन रक्तक्षय झालेली छोटी सूत कातणारी असे केले. इतर मुलींच्या मते तिचे वय दहा होते, तिने स्वतः बारा सांगितले. शाळेच्या सुट्टीत कामाला आलेली ही मुलगी आता तेथेच राहणार होती. तिची मुद्रा केविलवाणी नाही. हात टेकविण्याच्या ढबेत कसबी कामगाराचा सराईतपणा आहे. बालपण व प्रौढपण एकाच देहात एकत्र आल्याने पाहणाऱ्याला तिची ओळख एका शब्दात पटत नाही.

७.३ मॅन्युएल, बिलॉक्सी, मिसिसिपी, १९११ : पाच वर्षांचा मॅन्युएल कोळंबी सोलण्याच्या कामावर होता. त्याच्या मागे कालवांच्या शिंपल्यांचा डोंगर आहे. त्याला इंग्रजीचा एक शब्दही समजत नाही, अशी नोंद हाइन यांनी केली. छायाचित्रकार व मूल यांच्यात भाषेचा दुवा नव्हता. म्हणून या मुलाच्या चेहऱ्यावरील बावरलेपणाचे कारण चित्रावरून निश्चित सांगता येत नाही. ते काम असेल किंवा समोरचा अनोळखी माणूस व त्याची पेटीही असेल. मूल व डोंगर यांतील प्रमाण मात्र निःसंदिग्ध आहे.

७.४ कोळसा निवडणारी मुले, साउथ पिट्स्टन, पेनसिल्व्हेनिया, १९११ : कोळशातून दगड वेचणाऱ्या मुलांच्या रांगा येथे दिसतात. धूळ इतकी दाट होती की कधी कधी समोरचे दिसेनासे होई, तसेच मुलांना ढोसून व लाथा मारून कामाला लावणारा माणूस त्यांच्यावर उभा असे, असे हाइन नमूद करतात. काळवंडलेल्या चेहऱ्यांत डोळ्यांखेरीज फारसे काही वेगळे उरत नाही.

या चित्रांतील समान सूत्र असे, की मुले रडत नाहीत व दयेची याचनाही करीत नाहीत. काही चित्रांत तर ती हसतात. मे १९१० मध्ये सेंट लुईस येथे टिपलेली वृत्तपत्रे विकणारी छोटी मुले ऐटीत धूम्रपान करताना दिसतात. हाइन यांनी ते हसू किंवा ती ऐट वगळली नाही. अश्रू दाखविणे त्यांच्या प्रचारकार्याला अधिक सोयीचे झाले असते. तो मोह त्यांनी टाळला, म्हणून ही चित्रे आजही विश्वसनीय वाटतात. कॅमेरा बहुधा मुलाच्या नजरेच्या पातळीवर असल्याने पाहणाऱ्याला मुलाकडे वरून पाहता येत नाही. दयेपेक्षा बरोबरीचे नाते त्यातून निर्माण होते.

८. कृष्णधवल माध्यमाचा वाटा
हाइन यांनी कृष्णधवल माध्यम सौंदर्यदृष्टीने निवडले, असे म्हणता येणार नाही. १९०७ मध्ये ऑटोक्रोम ही रंगीत पट्टी बाजारात आली होती, पण ती मंद व महाग होती. गिरणीच्या अंधारात तिचा उपयोग नव्हता. वृत्तपत्रे व नियतकालिकांत बिंदुठशांनी छापण्यासाठीही कृष्णधवल चित्रच सोयीचे होते. हाइन यांची चित्रे समाजसुधारणेला वाहिलेली नियतकालिके, पत्रके व प्रदर्शने यांमधून लोकांपर्यंत पोहोचली.

तथापि या मर्यादेचे परिणाम भावदर्शनावर झाले. त्या काळातील सर्वसाधारण पट्ट्या लाल रंगाला फारशा संवेदनशील नसत. त्वचेवरील लालसर डाग व ओठ त्यांवर प्रत्यक्षापेक्षा गडद उमटत. चेहऱ्यावरील काजळी, कपड्यांवरील तेलाचे डाग व केसांतील कापसाचे तंतू रंगांच्या अभावी ठळक झाले. मुलांच्या चेहऱ्यावर दिसणाऱ्या थकव्याचा काही अंश या पट्टीचाही आहे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

९. साक्षीच्या मर्यादा
हाइन यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना तीन मर्यादा विचारात घ्याव्या लागतात.

पहिली मर्यादा त्यांच्याच एका प्रयोगातून दिसते. १९१३ च्या सुमारास त्यांनी सूतगिरणीतील अनेक मुलांचे चेहरे एकावर एक छापून संमिश्र चित्रे तयार केली. गिरणीने घडविलेला सर्वसाधारण बालचेहरा दाखविणे, हा त्यामागील उद्देश दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस गॅल्टन यांनी ही पद्धत प्रचारात आणली होती. या चित्रांत चेहरा आहे, पण कोणाचाही भाव नाही. जे सर्व मुलांचे म्हणून मांडले, ते एकाही मुलाचे राहिले नाही. सेडी किंवा अ‍ॅडी यांची एकेकटी चित्रे जे करू शकली, ते येथे साधले नाही.

दुसरी मर्यादा नावाची आहे. अ‍ॅडी कार्डची नोंद दीर्घकाळ ‘अ‍ॅडी लेअर्ड’ अशी राहिली. १९९८ मध्ये तिचे चित्र अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आले. पुढे लेखिका एलिझाबेथ विन्थ्रॉप व संशोधक जो मॅनिंग यांच्या शोधामुळे तिचे खरे आडनाव व पुढील जीवन उजेडात आले. ती १९९३ मध्ये मरण पावली होती. आपला चेहरा राष्ट्रीय स्मृतीचा भाग होणार, हे तिला कधीच कळले नाही. चित्र काढताना तिची संमती घेण्याचा प्रश्न त्या काळी कोणालाही पडला नव्हता. मुलाच्या भावनेने समाज हलला, पण त्या भावनेवर मुलाचा हक्क राहिला नाही.

तिसरी मर्यादा परिणामाची आहे. हाइन यांच्या चित्रांनी बालमजुरी संपविली, असे विधान अनेकदा केले जाते. घटनाक्रम अधिक गुंतागुंतीचा आहे. १९१६ मध्ये कीटिंग-ओवेन कायदा संमत झाला, पण १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. १९१९ चा बालमजुरी करविषयक कायदाही १९२२ मध्ये रद्द झाला. १९२४ मध्ये काँग्रेसने संमत केलेल्या घटनादुरुस्तीला आवश्यक तेवढ्या राज्यांची मान्यता मिळाली नाही. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्याने टिकाऊ संघीय बंधन आणले, तोपर्यंत सेडीच्या चित्राला तीस वर्षे होत आली होती. चित्र लोकमत घडविण्यास साहाय्यभूत ठरले, परंतु चित्राने हेलावलेले मन व प्रत्यक्ष कायदा यांच्यातील अंतर एका पिढीचे होते. स्वतः हाइन १९४० मध्ये हलाखीत मरण पावले.

१०. निष्कर्ष
१) आरंभीच्या बालव्यक्तिचित्रांतील गांभीर्य हे मोठ्या प्रमाणात तांत्रिक अटींचे फलित होते. त्यावरून तत्कालीन बालमनाविषयी थेट अनुमान काढणे योग्य नाही.
२) कॅमेरॉन, रेजलँडर व रीस यांच्या कामात मुलाचा भाव छायाचित्रकाराच्या हेतूनुसार घडविला, बदलला किंवा नव्या अर्थाने मांडला गेल्याचे दिसते.
३) हाइन यांनी मुलांचा संयम, ऐट, हसू व बावरलेपण आहे तसे राहू दिले आणि त्यास नोंदींची जोड दिली. चेहरा व नोंद परस्परांना पूरक ठरल्याने त्यांच्या चित्रांना साक्षीचे मूल्य प्राप्त झाले.
४) कृष्णधवल माध्यम तटस्थ नव्हते. भावाच्या तीव्रतेत पट्टीच्या गुणधर्मांचा वाटा होता.
५) भावदर्शी छायाचित्राला सामाजिक परिवर्तनाचे एकमेव कारण मानणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

थोडक्यात, बालचेहऱ्यावरील भाव हा पुराव्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे. जुन्या संग्रहातील मुलाचे चित्र हाती आल्यावर अभ्यासकाने त्याच्या डोळ्यांत पाहावेच, परंतु त्यानंतर चित्र उलटून मागे काही लिहिले आहे काय, हेही पाहावे. सेडी फायफरच्या बाबतीत मागे ‘४८ इंच’ लिहिलेले होते. तिच्या चेहऱ्यावर जे दिसत नाही, ते या एका आकड्याने सांगितले.